शिशाच्या पेट्या

विलापिका हा काव्यप्रकार इंग्रजीतून आपल्याकडे आला, हे आम्ही दोघेही वर्गात सांगत असतो. ज्या व्हिक्टोरियन समाजात तो बहरला, त्याने आपल्या मृतांची व्यवस्था कशी लावली होती हे पाहायचे असेल, तर लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीतील चॅपेलखाली उतरावे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील चर्चची आवारे इतकी भरून गेली होती की नवे थडगे खणताना जुने उकरले जाई. त्यातून खासगी कंपन्यांच्या दफनभूमी निर्माण झाल्या. केन्सल ग्रीन ही लंडनमधील त्यांतली पहिली, १८३३ सालची. ज्यांना मातीचा स्पर्शही नको होता अशा धनिकांसाठी तिथे ग्रीक शैलीतील चॅपेलखाली विटांच्या कमानींचे तळघर बांधले गेले. वर प्रार्थना आटोपली की शवपेटी ज्या चौथऱ्यावर ठेवलेली असे, तो चौथराच पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने संथपणे खाली उतरे. जिन्यावरची ओढाताण नाही, खांदेकऱ्यांची धाप नाही. (हे यंत्र १९९७ साली दुरुस्त करून पुन्हा चालते केले गेले.) नाटकात पात्र रंगमंचाखाली अदृश्य व्हावे, तसा हा निरोप.

खाली अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना कोनाडे आणि कोनाड्यांत एकावर एक कप्पे. इथे नुसती लाकडी पेटी चालत नसे. आत लाकूड, मध्ये डाख देऊन बंद केलेले शिसे, बाहेर पुन्हा लाकूड व त्यावर मखमल. आतल्या कुजण्याची वार्ता बाहेरच्या हवेला लागू नये, असा हा तिहेरी बंदोबस्त. काही कप्प्यांवर नाव कोरलेली शिळा, काहींना नुसती लोखंडी जाळी. जाळीआड जीर्ण मखमल दिसते.

हायगेटची दफनभूमी (१८३९) याहून प्रसिद्ध. तिथला इजिप्शियन धाटणीचा मार्ग आणि देवदाराभोवती वर्तुळाकार खोदलेली दफनगृहे पाहून पर्यटक भारावतात. तो पुरातन देवदार २०१९ साली तोडावा लागला. आम्हाला मात्र ते सारे जरा जास्तच सजवलेले वाटले.

केन्सल ग्रीनमध्ये मनात राहिले ते रिकामे कप्पे. कुटुंबांनी पुढच्या पिढ्यांसाठी जागा घेऊन ठेवल्या. पिढ्या आल्याच नाहीत. एवढा शिशाचा खटाटोप करणाऱ्या याच समाजात १८८५ साली वोकिंगच्या दाहगृहात पहिले दहन झाले. आणि दहनाच्या संस्कारातले द्वारकानाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे आजोबा, १८४६ पासून केन्सल ग्रीनच्याच मातीत आहेत! असो.

आमच्यापैकी एकीचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. देह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दर्शन लांबूनच. दुसऱ्या दिवशी स्मशानातून मडके मिळाले, त्यावर क्रमांकाची चिठ्ठी. अस्थी त्यांच्याच, असे मानून त्या नदीत सोडल्या. देहाचा एवढा मोह कशाला, हे आपल्याकडे सहज ओठांवर येणारे वाक्य त्या तळघरात आमच्यापैकी कोणीच उच्चारले नाही. एका शिळेवरचे नाव आणि तारखा वाचत ती बराच वेळ उभी होती. वर उजेडात आल्यावर एवढेच म्हणाली, की चिठ्ठीवरचा तो आकडा तिला अजून पाठ आहे.