शेणकिडा आणि गाणारा किडा

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोन्ही मुलींना घेऊन देवासजवळच्या आमच्या शेतावर गेलो होतो. आम्ही इंदूरला राहतो, शेती भाऊजी पाहतात.

धाकटी बांधावरून ओरडतच आली. तिच्या ओंजळीत एक हिरवागार किडा होता. अगदी पानासारखा, अंगापेक्षा लांब मिशा असलेला. सगळे कौतुकाने पाहू लागले. थोरली मात्र बैलांच्या वाटेवर शेणापाशी उकिडवी बसली होती. एक काळा किडा डोके खाली करून, मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत उलटा चालला होता.

"शी! शेणात काय बघतेस? बहिणीनं बघ किती सुंदर किडा आणलाय!" मी म्हणाले.

ती न उठताच म्हणाली, "आई, तुला नेहमी तिचंच आवडतं."

मी चपापले. धाकटी गाते, बक्षिसे आणते. थोरली न सांगता माठ भरून ठेवते. "बहिणीकडे बघ" हे मी तिला किती वेळा ऐकवले असेल!

भाऊजी थोरलीजवळ जाऊन बसले. "वहिनी, हा आपला बिनपगारी गडी आहे. शेण जमिनीत पुरतो, मादी त्यात अंडं घालते. शेताला खत मिळतं, माश्याही कमी होतात. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या लेंड्यांना सरावलेल्या किड्यांना गाईचं शेण आवरेना, तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं परदेशातून शेणकिडे आणून सोडले. आफ्रिकेतला एक शेणकिडा तर रात्री आकाशगंगेवरून दिशा ओळखतो, असं २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवलंय."

थोरलीचा चेहरा खुलला. आता धाकटी हिरमुसली, "मग माझा किडा काहीच करत नाही?"

"करतो ना! यांच्यातले नर पंखावर पंख घासून गातात. आणि कान कुठं असतात, ठाऊक आहे? पुढच्या पायांत, गुडघ्याखाली!"

थोरली चटकन उठली. "अगं, जपून धर. पाय तुटला तर बिचाऱ्याचा कान जाईल." दोघींनी मिळून त्याला गवतावर सोडले.

त्या रात्री मी थोरलीला विचारले, "सांग, आज काय काय पाहिलंस?" कधी न बोलणारी पोर अर्धा तास बोलत होती. बाहेर गवतात किडे गात होते.

आता "बहिणीकडे बघ" ओठांवर आले, की मी गिळून टाकते. रोज जमतेच असे नाही.