रुग्णशय्येवरचा गुप्तहेर

ग्वाल्हेरात स्टेशनाला लागून असलेल्या भागाला पडाव म्हणतात. पडाव म्हणजे तळ, मुक्काम. शिवपुरी, दतिया, मुरैना अशा बदल्यांची वर्षे संपवून निवृत्तीनंतर मी इथेच कायमचा मुक्काम टाकला. त्या सगळ्या भ्रमंतीत दोन गोष्टींनी माझी साथ कधी सोडली नाही. एक पुस्तकांची पेटी आणि दुसरा सोरायसिस.

एकतिसाव्या वर्षी कोपरांवर दोन लालसर चट्टे उमटले आणि पाहता पाहता ते हातांवर उतरले. निरोगी माणसाच्या त्वचेतील पेशी तळातून वर यायला साधारण महिना घेतात. या विकारात त्या तीन-चार दिवसांतच वर येतात आणि त्यांचे पांढरे पापुद्रे साचत जातात. शरीराची संरक्षक यंत्रणाच वाट चुकते, एवढेच त्यामागचे कारण. हा रोग स्पर्शाने होत नाही. एखादे शासकीय परिपत्रक वाचून दाखवावे तसे हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल! तरीही हस्तांदोलनासाठी पुढे आलेला हात मध्येच घुटमळताना दिसे. पुढे मीच हात पुढे करणे सोडून दिले.

गेल्या हिवाळ्यात मुलगी पुण्याहून आली होती. इथला कोरडा हिवाळा माझ्या कातडीचा वैरी. त्यामुळे मी घरातच होतो. तिने आपल्या लॅपटॉपवर एक इंग्रजी चित्रपट लावून दिला. ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’, सन 2003, दिग्दर्शक कीथ गॉर्डन. स्वस्त रहस्यकथा लिहिणारा डॅन डार्क हा लेखक सोरायसिसने सर्वांग सोलवटून आणि सांधे आखडून रुग्णालयात पडलेला आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनियरने ही भूमिका केली आहे. ज्वराच्या ग्लानीत तो आपलीच जुनी कादंबरी मनात पुन्हा रचतो. तिचा नायक गाणारा गुप्तहेर. अंधाऱ्या गल्ल्या, टोपी कपाळावर ओढलेले मारेकरी, संशयास्पद स्त्रिया. आणि मध्येच त्याच्या खाटेभोवती डॉक्टर-परिचारिका जुन्या गाण्यांवर नाचू लागतात.

पाश्चात्त्य प्रेक्षकाला हे मिश्रण चमत्कारिक वाटले असेल. मला तसे फारसे वाटले नाही. लष्करातल्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आणून आमची पिढी वाढली. दुःखाच्या ऐन क्षणी पात्राने गावे, हे तर संगीत रंगभूमीने आमच्या अंगवळणीच पाडले. पार्श्वगायनाचेही आम्हांला नवल नाही. परंतु या चित्रपटात ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, ही गोष्ट सुखद वाटत नाही. आजारी माणसाच्या तोंडून भलताच कोणी बोलतो आहे, अशी भीती तिच्यातून डोकावते.

मला ‘एकच प्याला’ आठवले. गडकरी क्षयाने खंगले होते. 1919 च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आले. सिंधूचे दुःख गडकऱ्यांचे, तिची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि गळा बालगंधर्वांचा. सोसणारा एक आणि गाणारा दुसरा, ही वाटणी आपल्याकडे नवी नाही. फक्त तिच्याकडे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते.

या चित्रपटाचा लेखक डेनिस पॉटर याने मात्र हे दुखणे उसने आणलेले नव्हते. इंग्लंडातल्या एका खाणकामगाराचा हा मुलगा, जन्म 1935 चा. पंचविशीच्या सुमारास त्याला त्वचेचा आणि सांध्यांचा हाच विकार जडला. बोटे वळेनात, तेव्हा तो हाताला लेखणी बांधून लिहीत असे. 1986 मध्ये त्याने याच नावाची सहा भागांची मालिका बीबीसीसाठी लिहिली. जाणकार तिलाच श्रेष्ठ मानतात. चित्रपटाची पटकथाही त्याचीच, पण तो पडद्यावर येण्याआधी नऊ वर्षे, 1994 मध्ये, पॉटर कर्करोगाने गेला होता.

मालिका मी नंतर पाहिली. तिच्यात रुग्णाच्या बालपणाची एक घटना उलगडते. शाळेत स्वतः केलेल्या घाणेरड्या खोडीचा आळ त्याने एका निरपराध मुलावर घेतलेला असतो. गुप्तहेर आयुष्यभर गुन्हेगार शोधत हिंडतो. माग मात्र त्याच्याच दाराशी येऊन थांबतो.

मीही तपास केलाच होता. आनुवंशिकता, बदल्यांचे पाणी, वरिष्ठांचा जाच, शेवटी पूर्वजन्मीचे कर्म. प्रत्येकाची फाइल उघडली, एकही निकाली निघाली नाही. आणि जी उघडायला हवी होती, ती मी स्वतःच दडवून ठेवली होती.

2014 साली या मुलीचे लग्न झाले. आदल्या आठवड्यात माझे तळहात फुटून त्यांना भेगा पडल्या होत्या. व्याही मंडळींसमोर, भर मांडवात त्या हातांवरून पाणी सोडायचे या कल्पनेने माझी झोप उडाली. गुडघा दुखत असल्याचे सांगून मी कन्यादानाला धाकट्या भावाला आणि वहिनीला बसवले. मी खांबापाशी खुर्चीवर बसून होतो. हात उपरण्याखाली होते.

चित्रपट संपल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, तेव्हा तुमचा गुडघा दुखत नव्हता ना?”

मी नाही म्हणालो.

“मला कळलं होतं. वाटलं होतं, तुम्ही उठून याल.”

लोकांनी आखडते घेतलेले हात मी तीस वर्षे मोजत आलो होतो. त्या हिशेबात माझा हात कुठे मांडलाच नव्हता. क्षमा मागण्यासाठी योग्य शब्द शोधू लागलो, पण नोकरीत हजारो टिपणे लिहिलेल्या मला एक वाक्य जुळेना. तेवढ्यात तिने फळीवरची डांबरमिश्रित मलमाची डबी काढली. एरवी ते काम तिच्या आईचे. ती शेजारी बसली आणि माझा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन एकेक भेग भरू लागली. सवयीने मी हात ओढू पाहिला; तिने तो सोडला नाही.

त्या मलमाचा वास फार चिवट असतो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुसताना तिने त्याबद्दल माझ्याकडे रीतसर तक्रार नोंदवली.