पूर्वरूप

मावशीच्या घराच्या सोप्यात एक लाकडी खांब आहे. त्याला टेकून बसलं की समोर परडं दिसतं, परड्यात शेवग्याचं झाड आणि त्याच्या मागे ओढा. १९९९ च्या दिवाळीत माझा मावसभाऊ तासन्‌तास त्या खांबाला टेकून बसायचा. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पुण्याहून आणलेली बॅग त्याने उघडलीच नव्हती. नरकचतुर्दशीला पहाटे मावशीने उटणं कालवलं, बंबात पाणी तापवलं, पण हा अंघोळीला उठला नाही. "रातभर पुस्तकं वाचली असत्याल लेकरानं," असं म्हणत तिने पाणी दुसऱ्यांदा तापवलं, मग तिसऱ्यांदा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबले, पणत्या एकेक करून विझल्या, तेव्हा सोप्यात आम्ही दोघंच होतो. त्याने विचारलं, "ताई, तुला कोणी बोलताना ऐकू येतंय का?"

"कोण?"

"ओढ्याकडून. माझं नाव घेतात."

मी कान देऊन ऐकलं. रातकिडे होते. लांब कुठेतरी एक सुतळी बॉम्ब वाजला. मी चोवीस वर्षांची होते, नुकतीच शाळेत लागले होते आणि मुलांचं आपल्याला कळतं असं मला वाटत होतं. म्हटलं, "जागरणानं होतं असं. जा, झोप." तो "बरं" म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर त्याने मला ते कधीच विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एक संशोधन वाचताना तो प्रश्न छापलेला समोर आला आणि मला पान मिटावं लागलं. आयर्लंडमधलं संशोधन. इयन केलहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१३ साली 'जामा सायकायट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. तिथल्या शाळांमधल्या १३ ते १६ वर्षांच्या १,११२ मुलामुलींना त्यांनी काही साधे प्रश्न विचारले. इतर कोणालाही ऐकू येत नाहीत असे आवाज तुला ऐकू येतात का, हा त्यांतला एक. म्हणजे माझ्या भावाने अंधारात मला विचारलेलाच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने. शंभरातल्या सात मुलांच्या उत्तरांत अशा अनुभवांची खूण सापडली. संशोधकांनी वर्षभर या सगळ्या मुलांचा माग ठेवला. त्या सात टक्क्यांपैकी दर पाचातल्या एकाने त्या वर्षात स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता. बाकीच्या मुलांत हे प्रमाण शंभरात अडीच होतं. ज्यांना आधीपासून नैराश्यासारखा एखादा मनाचा आजार होता आणि वर हे भासही होत होते, त्यांच्यात ते ३४ टक्क्यांपर्यंत गेलं.

हे आकडे वाचून कुणा आईच्या पोटात गोळा येऊ नये, म्हणून लगेच पुढचंही सांगते. आवाज ऐकू येणं म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. केलहर यांनीच अनेक पाहण्या एकत्र करून दाखवलं आहे की ९ ते १२ या वयात सुमारे १७ टक्के मुलांना असे अनुभव येतात आणि १३ ते १८ या वयात साडेसात टक्क्यांना. वय वाढतं तसे बहुतेकांचे आवाज आपोआप विरून जातात, पहाटेचं धुकं जावं तसे. पण ज्यांचे जात नाहीत, किंवा थोड्या मोठ्या वयात नव्याने सुरू होतात, ती मुलं बहुतेकदा आतून कसल्यातरी ओझ्याखाली असतात. तो आवाज त्या ओझ्याचा असतो. तो खरा की खोटा यावर घरातले वाद घालत बसतात, आणि ओझं मूल एकटंच वाहत राहतं.

आयुर्वेदात रोगाच्या आधी येणाऱ्या खुणांना एक सुंदर शब्द आहे, पूर्वरूप. पावसाआधी येणारा मातीचा वास, मोहोराआधी आंब्याच्या डिरीवर चढणारी लाली, तसं रोगाचंही आधीचं एक रूप असतं. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाची पूर्वरूपं सांगितली आहेत. डोकं रिकामं वाटणं, डोळे अस्वस्थ होणं, कानांत आवाज होणं, अन्नावरची वासना उडणं. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ग्रंथ नव्हता, सोप्यातला खांब होता. आजचे डॉक्टरही आजाराआधीच्या या काळाला याच अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि त्याच्या खुणा सांगतात: झोप उलटीपालटी होणं, अभ्यासातून लक्ष उडणं, मित्र तुटणं, विनाकारण संशय येणं, साध्या गोष्टींत आपल्यासाठी काही खूण दडली आहे असं वाटणं. आपल्या घरांत हे सगळं दिसतं, आणि त्याला हजार नावं असतात. वयात आलंय. आळशी झालंय. कुणाची तरी नजर लागली. पोरीबिरीचं काही असेल.

आम्ही काय केलं ते लिहिते. देवऋषी झाला. दारावर उतारा टाकला गेला. कॉलेज सोडवून त्याला घरी आणलं. एका नातेवाइकांनी लग्न सुचवलं, "जबाबदारी पडली की सुधारंल." त्याने खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली, ती मामाने फाडून काढली. मावशी त्याच्या ताटात लोणच्याची फोड वाढायची, पूर्वी आवडायची म्हणून, आणि तो जेवणाचा वास घेऊन ताट सरकवायचा. त्यात विष असल्याचं कोणीतरी त्याला सांगत होतं. आईच्या हातच्या अन्नावर असा संशय घेणाऱ्या मुलाचं दुःख किती असेल, हा विचार तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही मनात आला नाही. आम्हाला मावशीचं दुःख तेवढं दिसत होतं.

पहिल्या लक्षणापासून पहिल्या उपचारापर्यंत आमचे पंधरा महिने गेले.

नॉर्वेच्या रोगालांड भागात १९९७ ते २००० या काळात जे घडलं ते वाचताना हे पंधरा महिने माझ्या मनात सतत होते. तिथे सायकोसिसच्या, म्हणजे असे भास आणि संशय येणाऱ्या आजाराच्या, सुरुवातीच्या लक्षणांची माहिती वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून घरोघर पोचवली. शिक्षकांना आणि गावातल्या डॉक्टरांना शिकवलं. आणि एक पथक तयार ठेवलं. आई, शिक्षक, मित्र, कोणीही फोन करावा, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नव्हती. ज्या भागांत हे केलं नव्हतं तिथे लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा मधला काळ साधारण १६ आठवडे होता, रोगालांडमध्ये तो ५ आठवड्यांवर आला. उपचाराला येताना आत्महत्येचे बेत किंवा प्रयत्न मागे असलेली माणसंही तिथे कमी होती. औषधं सगळीकडे तीच होती, फरक फक्त लवकर पोचण्याचा. पुढे जाहिराती बंद झाल्या. पथक चालूच होतं, तरी तो काळ पुन्हा १५ आठवड्यांच्या आसपास गेला. सांगणं थांबलं आणि लोक विसरले. एवढं साधं आहे हे, आणि म्हणूनच मला ते सहन होत नाही.

माघातल्या एका पहाटे भावाला शेजाऱ्यांनी घरी परत आणलं. तो कुठे होता आणि काय करायला निघाला होता हे मी लिहिणार नाही, ते वाचून कुणाचं भलं होत नाही. त्या दिवशी दुपारी मामाने त्याला जीपमध्ये घालून शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर त्याच्याशी पाऊण तास बोलले. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "काय काय ऐकू येतं?" दुसरा होता, "मरावंसं वाटतं का?" मावशी दचकली. असं विचारल्याने नको ते पोराच्या डोक्यात भरेल, असं तिला वाटलं. ही भीती घराघरात आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासून पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले: आत्महत्येविषयी विचारल्याने मुलांचा त्रासही वाढला नाही आणि तसे विचारही वाढले नाहीत. माझा भाऊ तर त्या प्रश्नावर रडला. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा.

काही आठवड्यांत आवाज मंदावले. तो जेवू लागला, मावशीने गावच्या देवळात पेढे वाटले. आणि इथेच आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टर सांगत होते, आता जास्त जपा. कारण ओढ्याकडचे आवाज गेले आणि त्याला घरातलं सगळं ऐकू यायला लागलं. सोबतचे मित्र शेवटच्या वर्षाला गेल्याचं, शेजारच्या मुलीने त्याच्याशी बोलू नये असं तिच्या आईने सांगितल्याचं, आपल्यासाठी वडिलांनी रानाचा तुकडा गहाण टाकल्याचं. आजार समजण्याएवढं मन जागं होतं, तेव्हाच काय काय गमावलं तेही कळतं. पहिल्या झटक्यानंतरचे सुरुवातीचे महिने, विशेषतः रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे, या मुलांसाठी फार धोक्याचे असतात, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घर तेव्हाच सैल पडतं, कारण मूल आता शांत दिसतं. ते वर्ष आम्ही निभावलं ते मुख्यतः मामामुळे. ज्या माणसाने खिडकीवरचे कागद फाडले होते, तो रोज संध्याकाळी त्याला घेऊन बांधावरून फिरायला जायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही. गोळी घेतलीस का, एवढंच विचारायचा, तेही स्वतःची तंबाखू मळत, दुसरीकडे बघत.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ साली आला. आमच्याकडे तो बऱ्याच नंतर दूरदर्शन संचावर पाहिला. अतुल कुलकर्णींचा शेष पडद्यावर घाबरून अंग चोरायला लागला, तेव्हा मावशीच्या मांडीवरच्या सुपातले गहू तसेच राहिले. भाऊ तिच्याशेजारी बसून संपूर्ण चित्रपट पाहत होता. संपल्यावर तो म्हणाला, "जंगल चांगलं दाखवलंय." मावशीने सूप उचललं आणि निवडायला लागली.

आज तो पंचेचाळिशीचा आहे. तालुक्याच्या गावी एका रोपवाटिकेत कलमं बांधतो. त्याच्या हाताखालची आंब्याची कलमं क्वचितच मरतात, असं मालक सांगतात. रात्रीच्या जेवणानंतरची गोळी त्याने गेली कित्येक वर्षं चुकवलेली नाही. मध्ये दोनदा त्रास उलटला, दोन्ही वेळा तो स्वतःहून मामाला म्हणाला, "जाऊया."

मी अजून शिकवते. अकरावी-बारावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर दर वर्षी एखादं मूल असतं, ज्याचे डोळे खिडकीबाहेरच्या न दिसणाऱ्या कशाकडेतरी लागलेले असतात. बहुतेक वेळा ते प्रेम असतं, किंवा झोप, किंवा घरातलं भांडण. मी तरीही तास संपल्यावर त्याला थांबवते. झोप लागते का, विचारते. मग आवाजांचं विचारते. मग मरणाचंही विचारते, त्याच शब्दांत, आडून नाही. मुलं चिडत नाहीत. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हाला कसं कळलं?" तिला घेऊन मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले होते. रांगेत आम्ही दोघी केळी खात बसलो होतो.

वर्गाच्या दाराला आतल्या बाजूने मी एक कागद चिकटवला आहे, बाहेर पडताना प्रत्येकाला दिसेल असा. त्यावर टेलि-मानसचा क्रमांक आहे, १४४१६. सरकारी आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्री दोन वाजताही उचलतात आणि मराठीत बोलतात. तुमच्या घरातही तो लिहून ठेवा. आणि एखाद्या रात्री घरातलं पोर सोप्यात जागं दिसलं, तर "जा, झोप" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय ऐकू येतंय ते विचारा.