उरलेल्या मिथेनचा हिशोब

शाळा आदिलाबादची असो की चंद्रपूरची, वायूंच्या अभिक्रियेचे गणित एकाच साच्यातून निघते. इतके लिटर मिथेन, तितके लिटर ऑक्सिजन. आधी कोण संपेल ते ठरवा, त्यावरून तयार होणाऱ्या वायूचे आकारमान काढा आणि जास्तीचा वायू शिल्लक दाखवून मोकळे व्हा. आधी संपणारा तो लिमिटिंग रिएजंट. यात तराजू लागत नाही, कारण समान तापमानाला व दाबाला वायू साध्या पूर्णांकी आकारमानांत संयोग पावतात हे गे-लुसॅकने १८०८ मध्ये दाखवले आणि समान आकारमानात रेणूंची संख्याही समान असते हे ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडले. माझा आक्षेप शेवटच्या पायरीला आहे. ऑक्सिजन अपुरा पडला की जास्तीचे इंधन मुकाट्याने बाजूला उभे राहते, हे गृहीतक ज्वलनात टिकत नाही.

बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर हा सिंगरेणीचा कोळसापट्टा २०१६ च्या विभाजनापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आता तो मंचेरियालमध्ये आहे. भूमिगत खाणीत कोळशातून मिथेन सुटतो. त्याच्या एका आकारमानाला पूर्ण जळायला ऑक्सिजनची दोन आकारमाने लागतात. शंभर लिटर मिश्रणात ९.५ लिटर मिथेन असेल तर उरलेल्या ९०.५ लिटर हवेत सुमारे १९ लिटर ऑक्सिजन असतो आणि दोघे बरोबरच संपतात. स्फोटाची हद्द साधारण ५ ते १५ टक्के, म्हणजे या आकड्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली. मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडण्याचा आपल्याकडचा नियम आहे. खालच्या हद्दीच्या चौथ्या हिश्शालाच सावध व्हायचे. आता मिथेन १२ टक्के धरा. ऑक्सिजन सुमारे १८.५ लिटर, हवा होता २४. शाळेच्या रीतीने ९.२५ लिटर मिथेन जळेल आणि पावणेतीन लिटर तसाच राहील. प्रत्यक्षात तो जवळजवळ सगळाच अर्धवट जळतो. ऑक्सिजनची तूट साडेपाच लिटरची. आणि सगळा मिथेन खर्ची पडला तर तुटीच्या प्रत्येक लिटरमागे दोन लिटर कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन तयार होतो. दोघांची वाटणी तापमानावर ठरते, बेरीज मात्र ११ लिटर. ज्याला आपण निरुपद्रवी शिल्लक म्हणून सोडून देणार होतो, तो विषाच्या रूपाने उभा राहतो. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने १८९६ च्या अहवालात दाखवले की खाणीतल्या स्फोटांत बहुतेक माणसे भाजून मरत नाहीत, स्फोटानंतरच्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात.

यावर कोणी म्हणेल, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे गणित तर शाळेच्या रीतीने बरोबर सुटते. सुटते, कारण तिथे साधारण स्थितीत पाण्याखेरीज दुसरी वाट नाही. अशा अभिक्रियांवर साचा बेतला आणि मग सगळीकडे लावला, ही खरी अडचण. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हवा किती सोडायची हे तिच्यातल्या ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनवरून ठरते, कारण पुढे एकास तीन या प्रमाणात हायड्रोजन जुळवायचा असतो. तरीही एका फेरीत थोडाच वायू अमोनिया होतो. बाकीचा पुन्हा फिरवावा लागतो. म्हणजे हा हिशोब फक्त कमाल मर्यादा सांगतो. परीक्षेत तो जरूर विचारावा, पण ‘अभिक्रिया पूर्ण होते आणि हीच उत्पादिते मिळतात’ एवढे वाक्य प्रश्नात छापावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खाणीत ठीक, घरात ऑक्सिजन कमी कुठे पडतो? आदिलाबादच्या थंडीत दार लावून कोळशाची शेगडी पेटवणाऱ्यालाही असेच वाटते. खोलीभर ऑक्सिजन असला तरी निखाऱ्यांच्या ढिगाच्या पोटात तो तुटपुंजा असतो. लिमिटिंग रिएजंट जागेजागेवर ठरतो, खोलीच्या सरासरीवर नाही. आत तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वर येऊन हवेत भेटला की निळ्या ज्योतीने जळतो, दोन आकारमानांना ऑक्सिजनचे एक घेऊन. ज्योत विझून नुसते लाल निखारे राहिले म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असे पुष्कळांना वाटते. त्या वेळी तो वायू तयार होतच असतो. वर येऊन जळण्याइतकी उष्णता मात्र राहिलेली नसते.