मोकळं रान आणि कारवानी

जालना, फाल्गुन

चि. बाळ यास,

तुझी कारवानी कुत्री दोन वर्षांची झाली, घरी हाकेसरशी येते, तर आता तिला रानात पट्ट्याशिवाय सोडू का, असं तू विचारलंस. फोनवर दोन शब्दांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आधी उत्तर: उघड्या रानात नको. कारणं आणि त्यावरचे उपाय पुढे आहेत.

लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट ही कारवानीची आणि तिच्या मुधोळकडच्या भाऊबंदांची ठेवण. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या राजांनी हे कुत्रं नावारूपाला आणलं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळचा मान होता. मराठवाड्यात मात्र हे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या वाढलं ते सशामागे धावण्यासाठीच. नाकाने माग काढत बसणं त्याच्या स्वभावात नाही. ते डोळ्यांनी हेरतं आणि सुटतं. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिलं की लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर पाहण्याच्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. क्षितिजाच्या रेषेवर हललेलं काहीही त्यांना चटकन टिपता येतं. माणसाला ढेकूळ वाटतं, तिथे कारवानीला ससा दिसलेला असतो.

अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीची ही कृती साखळीसारखी मांडली आहे: वळून पाहणं, नजर रोखणं, दबकत जाणं, धावणं, धरणं, मारणं. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर रोखणं आणि दबकणं फार वाढलेलं असतं, चावण्याची कडी मात्र माणसाने निवडून निवडून दुबळी केली. कारवानीत धावण्याची कडी सगळ्यात बळकट. ती एकदा सुरू झाली की मालकाची हाक कानावर पडते, पण आत पोचत नाही. म्हणून अशा कुत्र्याला बोलवायचं ते कान टवकारले, मान ताठ झाली, पाय थबकला, त्या क्षणी. तो क्षण ओळखायला शिकणं हे मालकाचं खरं शिक्षण, आणि ते कुत्र्याच्या शिक्षणापेक्षा अवघड आहे.

आता आपलं रान बघ. ज्वारी, हरभरा निघाला की जालन्याचं काळं रान कोसभर उघडं पडतं. हरणांचे कळप, रोही, ससे सगळं लांबून दिसतं, म्हणजे कारवानीच्या डोळ्यांपुढे ताटच वाढून ठेवलेलं. पावसाळ्यात कपाशी आणि तूर वर आली की उलटा त्रास होतो: कुत्रं एकदा पिकात शिरलं की मालकालाच दिसत नाही. त्यातून फवारणी झालेलं पीक असलं तर अंगाला लागलेलं औषध ते नंतर चाटतं.

धावणाऱ्या कुत्र्याला पुढचं भक्ष्य तेवढं दिसतं, पायाखालचं नाही. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे किती आहेत, हे तुला सांगायला नको. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर गावोगाव तळी झाली. माणसाला वरदान असलेलं हे तळं कुत्र्याला सापळा ठरू शकतं, कारण ओल्या प्लास्टिकच्या उतारावर नखं रुतत नाहीत. चांगलं पोहणारं जनावरही काठाशी घसरून घसरून दमतं आणि बुडतं. आपल्या तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर किंवा जुन्या टायरांची शिडी सोडून ठेव. रानातल्या इतर जिवांनाही तिचा उपयोग होईल. असेच धोके आणखी आहेत: अंबड-घनसावंगीकडे जायकवाडीचा डावा कालवा आहे, जालना-बदनापूरच्या बाजूने समृद्धी महामार्ग आणि रेल्वे जाते. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात, ते तर सगळ्यांत भयंकर. काटेरी तार दिसायला साधी, पण या जातीची कातडी इतकी पातळ असते की एका धडकेत हातभर फाटते.

आणि सशाचं काय? आपला ससा बीळ करत नाही. गवताच्या आडोशाला उघड्यावरच दबून बसतो, पिल्लंही तिथेच असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं, तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. ‘छू’ म्हणणारा माणूस ससा निसटला तरी सुटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्री सोडून सशांचा पाठलाग हा जुना खेळ होता, तोही २००४ च्या कायद्याने बंद झाला. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर संशोधक अबी तमीम वनक यांनी खोकडांवर प्रयोग केले. कुत्रं जवळपास असलं की खोकड खाणं कमी करत होतं. कुत्र्याने दात लावला नाही तरी रानातल्या जिवाच्या तोंडचा घास जातो, हे मला फार लागतं.

मेंढ्यांबद्दल एवढंच: गावाच्या शिवारात धनगरांचे कळप बसलेले असतील त्या दिवसांत त्या बाजूला जायचंच नाही. गाभण मेंढी नुसती दामटली तरी गाभडते, आणि ते नुकसान पैशांत भरून निघत नाही.

मग कारवानीने धावायचंच नाही का? धावायचं, भरपूर धावायचं. तो तिचा हक्क आहे. बैलांच्या कासऱ्यासारखी तीस-चाळीस फुटांची दोरी घे. ती गळपट्ट्याला बांधू नकोस, छातीभोवतीच्या पट्ट्याला बांध, कारण वेगात हिसका बसला तर मानेला इजा होते. शिवाय या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा सहज निसटतो. नायलॉनची दोरी हात सोलते, सुती बरी.

शिट्टीला परत येणं आधी अंगणात पक्कं कर, मग आखाड्यावर, मग गायरानात दोरीसह. प्रत्येक वेळी आल्यावर तिला खरोखर आवडणारं काही दे. उशिरा आली म्हणून रागावलास तर पुढच्या वेळी ती येणार नाही. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की आवडीचं काम हेच नावडत्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. म्हणून बांबूच्या टोकाला दोरी आणि दोरीला चिंधी बांध. आधी बसायचं, थांबायचं, आणि मग मालकाच्या इशाऱ्यावर चिंधीमागे सुटायचं. पाठलागाची किल्ली अशी मालकाच्या हातात राहते. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात अशाच, दोरीने ओढलेल्या चिंधीमागे कुत्री पळवण्याचा खेळ उभा राहिला. ससा मरत नाही आणि कुत्र्याची भूक भागते.

दोरीशिवाय सोडायचं ते फक्त बंद जागेत. तुमच्या मोसंबीच्या बागेभोवती निदान सहा फुटांची विणलेली जाळी लावता आली तर त्या बागेसारखी जागा नाही. फवारणी झाल्यावर काही दिवस मात्र तिथे नेऊ नकोस. आत विहीर असेल तर आधी तिच्यावर जाळी घाल. वेळेचा पेचही इथेच सुटतो. उन्हाळ्यात कुत्र्याला गारवा पहाटेच मिळतो, आणि ससेही पहाटे आणि सांजेलाच चरायला निघतात. उघड्या रानात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की घात होतो, कुंपणात होत नाही. चैत्र-वैशाखात ऊन चढल्यावर तिला अजिबात पळवू नकोस. जोरात पळालेल्या कुत्र्याचं अंग धापेने लवकर निवत नाही, उष्माघात काही मिनिटांत गाठतो.

पिसाळीची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर दे. डिस्टेंपर खोकडांनाही होतो. पट्ट्यावर तुझा फोन नंबर कोरून घे.

बागेच्या चारी बाजूंची मापं टाकून कळव. जाळीचा खर्च आपण दोघं मिळून करू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा