सोन्याच्या कणावरचे पट्टे

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि डोक्यात सोन्याचे कण. (दागिने नव्हेत. भाव बघून ते कधीच डोक्यातून काढलेत.)

हे कण काही नॅनोमीटरचे. उघडे ठेवले तर एकमेकांना चिकटून गोळा होतात, म्हणून त्यांना थायॉल नावाच्या रेणूंचं अस्तर देतात. रेणूच्या एका टोकाला गंधक, ते सोन्याला घट्ट धरतं, शेपटी बाहेर.

आता गंमत बघा. दोन जातींचे रेणू एकत्र टाकले तर ते कसे बसतील? सरमिसळ, की आपापले कंपू करून? २००४ मध्ये एमआयटीतल्या फ्रांचेस्को स्टेलाची यांच्या गटाने ‘नेचर मटेरियल्स’मध्ये सांगितलं, की कणाभोवती चक्क पट्टे पडतात! २००७ मध्ये सिम्युलेशनमधून कारणही आलं. आखूड रेणू शेजारी असला की लांब शेपटीला हलायला मोकळी जागा मिळते, म्हणून अशा सीमा जितक्या जास्त तितकं बरं. पण जातभाईंची ओढही सुटत नाही. तडजोड म्हणजे पट्टे. २००८ मध्ये तर असे कण पेशीचं आवरण न फाडता आत शिरतात, असा पेपर आला. औषधं पेशीत पोचवू पाहणाऱ्यांचे कान टवकारणारच.

पण पट्टे दिसले कशात? स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये. त्याची सुई पृष्ठभागावरून फिरते आणि फीडबॅक लूप तिची उंची सांभाळतो. गेन फार ठेवला की सुई थरथरते, आणि चित्रात ती थरथर कशी उमटते? पट्ट्यांसारखी! कधी कंट्रोल लूप ट्यून केला असेल तर तुम्ही आत्ता हसला असाल.

लिव्हरपूलच्या राफाएल लेव्ही यांनी २०१२ मध्ये ‘स्मॉल’मध्ये या पट्ट्यांवरच शंका घेतली. त्यांचा मला सगळ्यात आवडलेला मुद्दा साध्या भूमितीचा. गोलावरचे सारखे पट्टे समोरून पाहिले तर कडेला अरुंद दिसायला हवेत (कलिंगड हातात घेऊन बघा). चित्रात मात्र सगळे समान अंतरावर. २०१४ मध्ये नॉटिंगहॅमचे फिलिप मोरियार्टी आणि सहकाऱ्यांनी मूळ डेटा पुन्हा तपासून तोच सूर लावला.

स्टेलाचींनी माघार घेतली नाही. मला विचाराल तर रेणू आपापले गट करतात हे पटतं, २००४ च्या त्या चित्रावर मात्र माझा भरवसा नाही. २०१८ मध्ये त्यांच्याच गटाने न्यूट्रॉन वापरले. एका जातीच्या रेणूंत साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन घालायचा, म्हणजे न्यूट्रॉनना दोन जाती वेगळ्या दिसतात, आणि ते कसे विखुरतात त्यावरून अस्तराचं त्रिमितीय मॉडेल बांधायचं. हे काम मला जास्त आवडलं. त्यात सुईच नाही.