बोरिवलीमार्गे रोम

रोमन बादशहांच्या काळाचा अभ्यास करायचा तर रोमलाच गेले पाहिजे, असे थोडेच आहे? पश्चिम रेल्वेने बोरिवलीला उतरावे, पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानात शिरावे आणि झाडीतल्या रस्त्याने कान्हेरीची लेणी गाठावीत. सहलीची मंडळी बहुधा तिसऱ्या लेण्यातला मोठा चैत्य पाहतात, सावलीला शिदोरी सोडतात आणि परततात. आपण मात्र कातळातल्या लेखांपाशी आणि पाण्याच्या टाक्यांपाशी रेंगाळावे. खरी माणसे तिथे भेटतात.

ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे आहेत. कोणी कल्याणचा सोनार, कोणी तिथलाच लोहार, कोणी सोपाऱ्याचा व्यापारी. आज ज्या गावांच्या लोकलला लोंबकळून माणसे कचेरी गाठतात, तीच ही गावे! इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हा सागरी वाटाड्या लिहिला, त्यात ही दोन्ही बंदरे आहेत. जुलैत इजिप्तहून निघालेली गलबते मान्सूनच्या वाऱ्यावर इकडे येत. येताना इटलीची दारू, तांबे, पोवळी आणि सोन्यारुप्याची नाणी. जाताना सुती कापड, हस्तिदंत, मिरी. पैठण-तेरचा माल तर बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई. तिकडे रोममध्ये प्लिनी कुरकुरत होता, की हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स गिळतो. बायकांच्या नटण्यामुरडण्यावरही त्याने खापर फोडलेच!

पण धंदा सुखाचा नव्हता. कल्याण पूर्वी मोकळी पेठ होती; सांदनेसच्या हाती गेल्यापासून तिथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेतात, असे पेरिप्लसकार लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या वैराचा हा परिणाम, असे बहुतेक विद्वान मानतात. राजे भांडले आणि गिऱ्हाईक मात्र कल्याणकरांचे गेले.

या वैराचा पुढचा अध्यायही कान्हेरीतच आहे, आणि तोही एका टाक्यावर. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा तो लेख. राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची लेक. हा बाप म्हणजे इ. स. १५० च्या जुनागढच्या लेखातला रुद्रदामन, असे समजतात. म्हणजे वैऱ्याची पोर सातवाहनांच्या घरात सून होऊन आली होती! ते टाके तिच्या शतेरक नावाच्या अमात्याने दिले. बंदर कोणाच्याही ताब्यात असो, भिक्षूंना उन्हाळ्यात पाणी लागतच होते.